वेदनाशमनाच्या कार्यात औषधनिर्मात्याचा वाटा

रुग्णालयात येणारा माणूस आपल्या रोगाचे नाव सांगत नाही; तो आपले दुखणे सांगतो. मराठीत आजारालाच 'दुखणे' हा शब्द आहे, यातच पुष्कळ काही आले. रोगाचे निदान व्हावयास वेळ लागतो, रोग बरा व्हावयास त्याहून अधिक वेळ लागतो, आणि काही रोग तर पूर्णपणे बरे होतही नाहीत. परंतु वेदना कमी करणे हे बहुतेक वेळी शक्य असते. म्हणूनच ते वैद्यकाचे सर्वांत जुने आणि सर्वांत निकडीचे कर्तव्य मानले गेले आहे.

नित्याच्या दुखण्यांना पॅरासिटामॉलसारखी साधी औषधे पुरेशी होतात. मोठी शस्त्रक्रिया, भाजल्याच्या गंभीर जखमा, अपघातातील मोडलेली हाडे, अथवा हाडांपर्यंत पोहोचलेला कर्करोग यांच्या वेदनांपुढे मात्र ती अपुरी पडतात. अशा वेळी अफूपासून मिळणारी किंवा तिच्यासारखे कार्य करणारी औषधे द्यावी लागतात. मॉर्फिन हे त्यांतील प्रमुख होय. या औषधाने तळमळणाऱ्या रुग्णाला शांत झोप लागते. पण मात्रा चुकली तर त्याच औषधाने श्वास मंदावतो, आणि भलत्याच्या हाती पडले तर व्यसनही जडते. यास्तव रुग्णालयात ते इतर औषधांबरोबर फळीवर न ठेवता कुलूपबंद कपाटात ठेवावे लागते.

या कपाटाची किल्ली सांभाळणारा औषधनिर्माता लोकांना दिसतो तो केवळ औषधे देण्याच्या खिडकीतून. चिठ्ठी घ्यावी, गोळ्या मोजाव्यात, पाकिटात घालून द्याव्यात, एवढेच त्याचे काम, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः वेदनाशामक औषधांच्या बाबतीत त्याच्यावर दुहेरी जबाबदारी असते. ते कपाट नको त्याच्यासाठी बंद राहिले पाहिजे आणि हव्या त्याच्यासाठी वेळेवर उघडले पाहिजे. यांपैकी पहिल्या जबाबदारीची चर्चा पुष्कळ होते, दुसरीची फारशी होत नाही. दोन्ही सारख्याच तोलाच्या कशा आहेत, हे समजून घेणे हा या लेखाचा उद्देश आहे.

औषधशाळेत लागलेला शोध

मॉर्फिन जगाला दिले ते एका औषधनिर्मात्यानेच. जर्मनीतील पाडरबोर्न या गावी एका औषधशाळेत उमेदवारी करणाऱ्या फ्रीडरिश झेर्ट्युर्नर या तरुणाने १८०५ च्या सुमारास अफूतील गुंगी आणणारे द्रव्य वेगळे काढले. ग्रीक पुराणातील स्वप्नांच्या देवतेवरून त्याने त्यास नाव दिले. पुढे त्याने ते स्वतःवर आणि आणखी तीन तरुणांवर वापरून पाहिले. त्यात चौघांनाही विषबाधेचा चांगलाच त्रास झाला, आणि हे द्रव्य किती अल्प प्रमाणात वापरावयास हवे, याची जाणीव त्यातूनच झाली.

या शोधाचे महत्त्व केवळ नव्या द्रव्याचे नव्हे. अफूचा गुण माणसाला हजारो वर्षे ठाऊक होता. परंतु एका शेतातील अफू तीव्र तर दुसऱ्या शेतातील सौम्य निघे. तेवढ्याच वजनाच्या अफूने कोणाचे दुखणे थांबत नसे, तर कोणाचा प्राण जाई. शुद्ध मॉर्फिन हाती आल्यावर मात्रा तोलून देता येऊ लागली. तोलून, मोजून, नोंद करून देणे हीच आजही औषधनिर्मात्याची खरी विद्या आहे.

पिकते येथे, पण मिळत नव्हते

भारतात मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या राज्यांतील ठरावीक भागांत शासनाच्या परवान्याने खसखशीचे पीक घेतले जाते. ग्वाल्हेर येथील केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोच्या देखरेखीखाली अफू गोळा होते आणि गाझीपूर व नीमच येथील सरकारी कारखान्यांशी तिचा व्यवहार जोडलेला आहे. जगाला औषधी उपयोगासाठी अफू पुरविणाऱ्या देशांत भारताचे स्थान जुने आहे. असे असूनही आपल्याच देशातील कर्करुग्णांना मॉर्फिनची गोळी मिळणे दीर्घकाळ दुरापास्त होते.

याचे कारण कायद्याच्या अंमलबजावणीत होते. अंमली पदार्थांच्या चोरट्या व्यापारास आळा घालण्यासाठी गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ अस्तित्वात आला. वैद्यकीय व शास्त्रीय उपयोगास या कायद्याने मनाई केली नव्हती. परंतु बहुतेक गुन्ह्यांना किमान दहा वर्षांची सक्तमजुरी ठेवण्यात आली होती, आणि हे औषध बाळगण्यासाठी व वाहून नेण्यासाठी लागणारे परवाने राज्याराज्यांत वेगवेगळे होते. एका परवान्याची मुदत संपण्यापूर्वी दुसरा हाती येईलच, याची खात्री नसे. नोंदीतील क्षुल्लक चुकीनेही आपण गुन्हेगार ठरू, या धास्तीने अनेक रुग्णालयांनी आणि औषधालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. दुधाने तोंड पोळण्याच्या आधीच ताक फुंकून पिण्याचा हा प्रकार होता. परिणामी देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर ९७ टक्क्यांनी घटून १९९७ मध्ये अवघ्या १८ किलोग्रॅमवर आला. कर्करोगाचे रुग्ण मात्र घटले नव्हते.

या काळातही काही संस्थांनी वेदनाशमनाचा मार्ग सोडला नाही. १९८६ मध्ये मुंबईत वांद्रे येथे शांती आवेदना सदन सुरू झाले. अखेरच्या अवस्थेतील कर्करुग्णांची शुश्रूषा करणारी ही देशातील पहिली संस्था. पुढे तिचे कार्य गोव्यातही सुरू झाले. केरळात कोझिकोडे येथे १९९३ मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदना व उपशामक उपचारांसाठी संस्था स्थापन केली. तोंडावाटे मॉर्फिन देऊन रुग्णाला घरच्या घरी आराम देता येतो, आणि योग्य नोंदी ठेवल्यास ते भलतीकडे जात नाही, हे या कार्याने दाखवून दिले.

अखेर २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. 'अत्यावश्यक गुंगीकारक औषधे' असा स्वतंत्र वर्ग निर्माण करण्यात आला आणि २०१५ मध्ये मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथॅडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन व हायड्रोकोडोन ही सहा औषधे त्यात समाविष्ट करण्यात आली. त्यांच्यासाठी देशभर एकच नियमावली लागू झाली. आता अनेक परवान्यांऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकांकडून रुग्णालयाला मान्यता घ्यावी लागते. अशा मान्यताप्राप्त संस्थेत या उपचारांचे प्रशिक्षण घेतलेला वैद्यकीय अधिकारी नेमावा लागतो, साठ्याच्या व वापराच्या नोंदी ठेवाव्या लागतात आणि वार्षिक गरज कळवावी लागते. म्हणजे कायद्याचा अडसर पुष्कळसा दूर झाला आहे. उरलेले काम रुग्णालयाच्या आतील आहे, आणि त्यातील मोठा भाग औषधनिर्मात्याकडे येतो.

पायरी आणि घड्याळ

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कर्करोगाच्या वेदनांसाठी एक सोपी पद्धत सांगितली. तिला वेदनाशमनाची शिडी म्हणतात. सौम्य वेदनेस पॅरासिटामॉल अथवा सूज कमी करणारी औषधे ही पहिली पायरी. मध्यम वेदनेस कोडीन किंवा ट्रॅमाडॉलसारखी औषधे ही दुसरी. आणि तीव्र वेदनेस मॉर्फिन ही तिसरी. पुढील काळात या शिडीत सुधारणा झाल्या. आज तीव्र वेदना असलेल्या रुग्णास एकेक पायरी चढत बसण्याची सक्ती नसते. तथापि, त्या पद्धतीतील दोन सूत्रे आजही कायम आहेत : शक्यतो औषध तोंडावाटे द्यावे, आणि ते घड्याळाप्रमाणे द्यावे.

घड्याळाचे हे सूत्र नीट समजून घेतले पाहिजे. मॉर्फिनच्या साध्या गोळीचा परिणाम सुमारे चार तास टिकतो. वेदना असह्य झाल्यावर गोळी मागावयाची, ती मिळेपर्यंत तळमळावयाचे, आणि मग थोडा वेळ आराम, असे चक्र चालू राहिले तर रुग्णाचा दिवस वेदनेच्या प्रतीक्षेतच जातो. याउलट वेदना परत येण्यापूर्वीच पुढची मात्रा दिली, तर एकूण औषध पुष्कळदा कमी पुरते.

समजा, मोठ्या रुग्णालयातून परत आलेल्या एका कर्करुग्णास डॉक्टरांनी दर चार तासांनी १० मिलिग्रॅमची एक गोळी लिहून दिली. दिवसाच्या सहा गोळ्या झाल्या. रात्री दोन वाजता उठवावयास नको म्हणून निजताना दोन गोळ्या एकदम द्याव्यात, असे डॉक्टर पुष्कळदा सांगतात. म्हणजे दिवसा चार वेळा एकेक आणि रात्री दोन, तरी बेरीज सहाच. मध्येच अचानक कळ उठली तर दिवसभराच्या मात्रेचा सहावा भाग, म्हणजे येथे आणखी एक गोळी, जादा म्हणून दिली जाते. अशक्त व वृद्ध रुग्णास आरंभीची मात्रा याच्या निम्मी किंवा त्याहूनही कमी असते. हे आकडे हिशेब समजावा म्हणून दिले आहेत. मात्रा ठरविणे हे रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरांचेच काम होय.

चिठ्ठी वाचताना

डॉक्टरांची चिठ्ठी खिडकीतून आत आली म्हणजे औषधनिर्मात्याचे परीक्षण सुरू होते. ती डॉक्टरांवरील अविश्वासाची खूण नाही. दोन डोळ्यांऐवजी चार डोळ्यांनी पाहण्याची ती रीत आहे. जाणता औषधनिर्माता पुढील गोष्टी पाहतो.

(१) रुग्णाने यापूर्वी अफूजन्य औषध घेतले आहे काय? पहिल्यांदाच घेणाऱ्यास जी मात्रा घातक ठरेल, ती सवय झालेल्या रुग्णास अपुरी पडू शकते. त्वचेवर चिकटवावयाची फेंटॅनिलची पट्टी तर नवख्या रुग्णास देऊच नये, असा दंडक आहे.

(२) मूत्रपिंडांचे कार्य कसे आहे? शरीरात मॉर्फिनपासून तयार होणारी काही प्रभावी द्रव्ये मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतात. मूत्रपिंडे दुर्बल असतील तर ती साचत जातात, आणि दोन दिवस ठीक असलेला रुग्ण तिसऱ्या दिवशी गुंगीत जातो. रक्तातील क्रिएटिनिनचा अहवाल पाहण्याची विनंती औषधनिर्मात्याने केली, तर हा धोका टळतो.

(३) सोबत झोपेची किंवा मन शांत करणारी औषधे आहेत काय? रुग्ण मद्य घेतो काय? या सर्वांचा परिणाम श्वसनावरच होतो आणि एकाची भर दुसऱ्यात पडते. ट्रॅमाडॉलच्या बाबतीत अपस्माराचा इतिहास आणि नैराश्यावरील औषधे यांची चौकशी करावी लागते, कारण त्यामुळे झटके येण्याचा संभव वाढतो.

(४) एकच द्रव्य दोन नावांनी जात नाही ना? पॅरासिटामॉल हे अनेक संयुक्त गोळ्यांत दडलेले असते. प्रौढ माणसास दिवसाकाठी ४ ग्रॅमच्या वर ते दिल्यास यकृतास इजा होऊ शकते. दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या एकत्र ठेवून पाहणारा माणूस अनेकदा औषधनिर्माताच असतो.

(५) आकडा आणि एकक स्पष्ट आहे काय? देवनागरी १ हा घाईत इंग्रजी नऊसारखा वाचला जातो. दशांशचिन्ह पुसट असले तर मात्रा दहापट होते. फेंटॅनिल मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, तर मॉर्फिन मिलिग्रॅममध्ये. या दोहोंत हजारपटीचा फरक आहे. तसेच मॉर्फिनचे इंजेक्शन तोंडावाटे घेतलेल्या तेवढ्याच मात्रेच्या दोन ते तीन पट प्रभावी असते. इंजेक्शनावरून गोळीवर किंवा गोळीवरून इंजेक्शनावर येताना हा हिशेब चुकला, तर रुग्ण एकतर तळमळतो किंवा गुंगीत जातो.

शंका आली तर चिठ्ठी अडवून न ठेवता डॉक्टरांना विचारून तिचे निरसन करून घ्यावे. विचारण्यात कमीपणा नाही आणि विचारले म्हणून राग मानण्याचेही कारण नाही. ज्या रुग्णालयात ही प्रथा रुजली आहे, तेथे चूक औषधाच्या खिडकीपर्यंत येऊन थांबते; रुग्णाच्या खाटेपर्यंत जात नाही.

खिडकीपाशी पाच मिनिटे

फार्मसी कौन्सिलच्या २०१५ च्या विनियमांनी रुग्णास औषधाविषयी समजावून सांगणे हे नोंदणीकृत औषधनिर्मात्याचे काम मानले आहे. खिडकीपुढील रांग लांब असते, हे खरे. तरीही मॉर्फिन देताना ही पाच मिनिटे काढलीच पाहिजेत, कारण घरी गेल्यावर विचारावयास कोणी नसते.

नातेवाईकांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो. "साहेब, ही अफूच ना? बाबांना सवय लागली तर?" याला हसून उत्तर देणे सोपे आहे, समजावून देणे अधिक उपयोगाचे. "ताई, दुखणे थांबावे म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या औषधाने माणूस सहसा व्यसनी होत नाही. मात्र गोळ्या एकदम बंद करू नका. शरीराला त्यांची सवय झालेली असते, म्हणून बंद करावयाच्या झाल्या तरी डॉक्टर त्या हळूहळू कमी करतील." एवढ्या दोन वाक्यांनी पुष्कळ घरांतील गोळ्या डब्यात पडून राहण्याऐवजी वेळेवर दिल्या जातील.

दुसरी गोष्ट मलावरोधाची. मॉर्फिनमुळे आरंभी मळमळ होते आणि झापड येते. ती काही दिवसांत ओसरते. मलावरोध मात्र ओसरत नाही. पोट साफ न होण्याच्या त्रासाने रुग्ण वेदना पत्करतो, पण गोळी नाकारतो. म्हणून मॉर्फिनच्या चिठ्ठीवर सारक औषध लिहिलेले नसेल, तर औषधनिर्मात्याने ते डॉक्टरांच्या लक्षात आणून द्यावे.

तिसरी गोष्ट घरातील साठ्याची. गोळ्या कुलूप लावलेल्या पेटीत किंवा मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवाव्यात. त्या शेजाऱ्याच्या कंबरदुखीसाठी देऊ नयेत. फेंटॅनिलची पट्टी साधारणतः ७२ तासांनी बदलतात. परंतु काढलेल्या पट्टीतही औषध शिल्लक असते. ती चिकट बाजू आत घेऊन दुमडावी, आणि तिची विल्हेवाट कशी लावावयाची ते रुग्णालयात विचारून घ्यावे. पट्टी लावलेल्या जागी गरम पाण्याची पिशवी ठेवू नये. उष्णतेने औषध वेगाने शरीरात शिरते. आणि रुग्ण दुर्दैवाने दगावल्यास उरलेल्या गोळ्या रुग्णालयात परत आणून द्याव्यात. हे शेवटचे वाक्य उच्चारणे कठीण असते. ते कसे व केव्हा सांगावे, हे पुस्तकात लिहिलेले नाही. पण कोणीतरी सांगितले पाहिजे.

नोंदवही : केवळ पहारा नव्हे

मॉर्फिनच्या नोंदवहीकडे अनेकदा तपासणीपुरते पाहिले जाते. आरंभीची शिल्लक, त्यात आलेला माल, वजा दिलेला माल, आणि अखेरची शिल्लक. कपाटातील गोळ्या व वहीतील आकडा जुळला म्हणजे काम झाले, असे वाटते. इंजेक्शनच्या बाबतीत दक्षता अधिक लागते. १५ मिलिग्रॅमच्या कुपीतून १० मिलिग्रॅमच टोचावयाचे असतील, तर उरलेले ५ मिलिग्रॅम साक्षीदारासमक्ष टाकून तशी नोंद दोघांच्या सहीने करण्याची पद्धत आहे. कुपी फुटली तर तिचीही नोंद होते. ही शिस्त जाचक वाटली तरी तिच्यामुळेच प्रामाणिक कर्मचाऱ्यास संरक्षण मिळते.

परंतु हीच वही रुग्णाविषयीही बोलते, ती वाचावयास मात्र शिकले पाहिजे. वर सांगितलेल्या रुग्णास १४ दिवसांसाठी ८४ गोळ्या दिल्या आणि नातेवाईक नवव्या दिवशीच परत आले, तर हिशेबाने ३० हून अधिक गोळ्या शिल्लक असावयास हव्यात. त्या नसतील तर पहिला विचार चोरीचा करू नये. वेदना वाढली असेल, जादा गोळ्या वारंवार द्याव्या लागल्या असतील, किंवा वेळा समजण्यात चूक झाली असेल. कधी खरोखरच गोळ्या दुसरीकडे गेलेल्या असतात. चारही शक्यता शांतपणे तपासून डॉक्टरांना कळविणे, हे औषधनिर्मात्याचे काम. याउलट रुग्ण विसाव्या दिवशी आला, तर त्याने औषध टाळले, हेही तीच वही सांगते. भीतीने न घेतलेली गोळी हीसुद्धा नोंदवहीतील एक त्रुटीच आहे.

श्वास मोजण्याची सवय

अतिमात्रेचे संकट अचानक कोसळल्यासारखे वाटते. वास्तविक ते पावलांनी येते. प्रथम रुग्ण अधिकाधिक सुस्त होतो, बोलता बोलता झोपू लागतो. मग डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात आणि श्वास मंद होत जातो. म्हणून वॉर्डात परिचारिकेने रक्तदाबाबरोबर गुंगी आणि मिनिटातील श्वासांची संख्याही नोंदवावी लागते. नॅलोक्सोन हे औषध अफूजन्य औषधांचा परिणाम उलटविते. ते शस्त्रक्रियागृहात, अतिदक्षता विभागात व वॉर्डात हाताशी आहे काय, त्याची मुदत संपलेली नाही ना, हे पाहणे औषधनिर्मात्याकडे येते. नॅलोक्सोनचा परिणाम मॉर्फिनच्या आधी ओसरतो. त्यामुळे रुग्ण शुद्धीवर आला म्हणून देखरेख सोडून चालत नाही. दीर्घकाळ मॉर्फिन घेणाऱ्या रुग्णास ते अल्प मात्रेत, बेताबेताने दिले जाते. एरवी श्वासाबरोबर वेदनाही एकदम परत येते.

अतिरेकाच्या दोन बाजू

अफूजन्य औषधे सढळ हाताने दिल्यास काय होते, याचे उदाहरण अमेरिकेने जगापुढे ठेवले आहे. तेथे १९९० नंतरच्या दशकात पाठदुखीसारख्या दीर्घकालीन तक्रारींसाठीही ही औषधे मोठ्या प्रमाणात लिहिली जाऊ लागली. व्यसनाचा धोका नगण्य आहे, असा प्रचार झाला. पुढे वैध गोळ्यांच्या जागी चोरटे हेरॉइन आणि मग चोरटे फेंटॅनिल आले. २०२१ या एकाच वर्षात अफूजन्य द्रव्यांच्या अतिमात्रेने तेथे सुमारे ८० हजार माणसे मृत्युमुखी पडली.

आपल्याकडेही सावधगिरीची गरज आहे. ट्रॅमाडॉलच्या गैरवापरामुळे केंद्र शासनाने ते २०१८ मध्ये वर उल्लेखिलेल्या कायद्याच्या कक्षेत आणले. कंबरदुखी, गुडघेदुखी यांसारख्या वर्षानुवर्षे चालणाऱ्या दुखण्यांत व्यायाम, शेक, वजन कमी करणे आणि साधी औषधे यांनाच प्रथम स्थान आहे. शस्त्रक्रियेनंतरही पॅरासिटामॉल, सूज कमी करणारी औषधे व मज्जातंतू बधिर करण्याचे उपाय यांची जोड दिल्यास मॉर्फिन कमी लागते. ते किती दिवस चालू ठेवावयाचे, हे घरी पाठवितानाच ठरले पाहिजे. चिठ्ठीवर दिवसांची मर्यादा नसेल, तर औषधनिर्मात्याने ती विचारून घ्यावी.

परंतु अमेरिकेचे उदाहरण दाखवून कर्करोगाच्या रुग्णास मॉर्फिन नाकारणे हा उलट दिशेचा अतिरेक होय. तेथे नको त्यांना मिळाले, म्हणून येथे हवे त्यांना मिळू नये, हा न्याय नव्हे. व्यसन टाळण्याचा मार्ग कुलूप कायमचे लावण्यात नसून प्रत्येक वेळी ते कोणासाठी, किती आणि किती दिवसांसाठी उघडले, याचा हिशेब ठेवण्यात आहे.

गरज आधी मोजावी

कुलूप वेळेवर उघडण्यासाठी कपाटात औषध असावे लागते. ते ऐनवेळी मागवून मिळत नाही. म्हणून वर्षाची गरज आधी मोजणे, हे औषधनिर्मात्याचे अदृश्य परंतु मोलाचे काम आहे. हिशेब अवघड नाही. एखाद्या रुग्णालयात वर्षाकाठी तीव्र वेदनेचे २० कर्करुग्ण येतात असे धरू. प्रत्येकास सरासरी दिवसाला सहा गोळ्या ९० दिवस लागल्या, तर २० गुणिले ६ गुणिले ९०, म्हणजे १०,८०० गोळ्या होतात. वजनात हे मॉर्फिन अवघे १०८ ग्रॅम भरते. मुठीत मावेल एवढ्या या औषधावर वीस घरांतील रात्रीची झोप अवलंबून असते. गतवर्षी खप झाला नाही, म्हणून यंदाची मागणी शून्य, असे लिहिण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : खप झाला नाही तो रुग्ण नव्हते म्हणून, की औषध नव्हते म्हणून?

यासाठी औषधनिर्मात्याने औषध भांडाराच्या बाहेर पडून शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, परिचारिका आणि गावोगाव जाणाऱ्या आशा कार्यकर्त्या यांच्याशी बोलले पाहिजे. २००८ पासून देशात सुरू झालेल्या फार्म.डी. अभ्यासक्रमातून वॉर्डात डॉक्टरांबरोबर फिरून औषधयोजना तपासणारे औषधनिर्माते तयार होऊ लागले आहेत. ही सोय सर्वत्र नाही. लहान रुग्णालयात एकच औषधनिर्माता आणि त्याच्यापुढे भली मोठी रांग, अशीच स्थिती बहुधा असते. त्याला साहाय्य मिळाले पाहिजे, प्रशिक्षण मिळाले पाहिजे. आणि प्रामाणिकपणे केलेल्या नोंदीबद्दल त्याला धास्ती वाटू नये, असे वातावरणही मिळाले पाहिजे.

नागरिकांचाही यात वाटा आहे. आपल्या घरी असह्य वेदनेचा रुग्ण असेल तर 'आता काही करता येणार नाही' या उत्तरावर थांबू नये. रोगावर उपाय संपले तरी वेदनेवरील उपाय संपत नाहीत. जवळच्या शासकीय रुग्णालयात उपशामक उपचारांची चौकशी करावी, चालू असलेल्या सर्व औषधांच्या चिठ्ठ्या सोबत न्याव्यात, आणि खिडकीपलीकडील औषधनिर्मात्याला निःसंकोचपणे प्रश्न विचारावेत.

औषधांच्या कपाटाला कुलूप असते, ते समाजाच्या रक्षणासाठी. त्या कुलपाला किल्ली असते, ती रुग्णाच्या आरामासाठी. दोहोंचे भान ठेवणारा औषधनिर्माता ज्या रुग्णालयात आहे, तेथे रात्रीच्या वेळी वॉर्डातून कण्हण्याचे आवाज कमी येतील आणि सकाळच्या तपासणीत नोंदवहीची बेरीजही चुकणार नाही.